आमच्या सोसायटीची २७ झाडे : निगा आणि निसर्गशिक्षणाच्या सेवेविषयी अभिप्राय

बोरिवली पूर्वेकडील आमच्या सोसायटीच्या आवारात २७ झाडे आहेत. आजवर त्यांची विचारपूस वर्षातून एकदाच, मे महिन्यात, एखादी फांदी कोणाच्या तरी गाडीवर पडेल या धास्तीने होत असे. २०२५ साली कमिटीने हे काम प्रथमच एका छोट्या संस्थेकडे सोपवले. झाडांची तपासणी, छाटणीच्या परवानगीची कागदपत्रे, प्रत्यक्ष छाटणी आणि रहिवाशांसाठी निसर्गशिक्षणाचे कार्यक्रम अशी सारी सेवा ही संस्था एकत्र देते. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. एका चुकीवरून तिला बोल लावण्यापेक्षा अशी सेवा घेताना काय पाहावे, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

सर्वात चांगला भाग तपासणीचा. मार्चमधील एका रविवारी संस्थेच्या तपासनीस बाई लाकडी हातोडी घेऊन आल्या आणि त्यांनी आधी रहिवाशांना खाली बोलावण्याचा आग्रह धरला. गेटजवळच्या गुलमोहराच्या बुंध्यावर त्यांनी चहूबाजूंनी हातोडी वाजवली. तीन बाजूंनी भरीव आवाज आला आणि भिंतीकडच्या बाजूने रिकाम्या डब्यासारखा. त्याच बाजूला मुळाशी तपकिरी, लाकडासारखी कडक अळंबी उगवली होती. ती आम्ही सर्वांनी अनेक वर्षे पाहिली होती, पण आतले लाकूड कुजत असल्याची ती खूण आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. बुंध्यापर्यंत भिडवलेले पेव्हर ब्लॉक काढून मुळांना हवा-पाणी मिळू द्या, असे त्यांनी सांगितले, तेव्हा ते ब्लॉक मोठ्या हौसेने बसवून घेणारे आमचे खजिनदार शेजारीच उभे होते.

आठवड्याभरात लेखी अहवाल आला. प्रत्येक झाडाला क्रमांक, त्याचे मराठी नाव, प्रकृती आणि करावयाचे काम असा तक्ता होता. त्यात नऊ झाडांपुढे ‘हात लावू नये’ असा शेरा होता. छाटणीचे पैसे घेणाऱ्याने छाटणी नको म्हणणे मला दुर्मीळ वाटते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे खासगी आवारातील झाडावरही मनमानी कुऱ्हाड चालवता येत नाही. त्यासाठी लागणारी महापालिकेची परवानगी संस्थेने पाठपुरावा करून मिळवली. या कामात आम्हाला दोन सह्यांपलीकडे काही करावे लागले नाही.

शिक्षणाच्या कार्यक्रमांपैकी सभागृहातील स्लाइड शो सामान्य होता; मोठ्यांना त्यात नवे काही नव्हते आणि लहान मुले कंटाळली. त्याची सारी भरपाई संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील फेरीने केली. आमच्यापैकी बहुतेकांना ते उद्यान म्हणजे सकाळी चालायला जाण्याची जागा किंवा कान्हेरीच्या वाटेवरचा टप्पा. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या त्या जंगलातील तुळशी आणि विहार तलावांचे पाणी मुंबईकरांच्या नळाला येते, ही गोष्ट शाळेत शिकून आम्ही विसरलो होतो. मार्गदर्शक तरुणाने आम्हाला उतारावरच्या कारवीच्या वाळलेल्या काठ्यांपाशी थांबवले. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलून मरते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली होती, तेव्हा समोरच्या त्या काठ्या म्हणजे संपलेली पिढी होती. याच काठ्यांच्या कुडाला शेणामाती लिंपून आदिवासी घरांच्या भिंती उभ्या राहतात, हे त्याने एक काठी हातात देऊन सांगितले. माझ्या शेजारच्या आजींनी कोकणातल्या आपल्या गोठ्याचा कूड आठवून त्यात भर घातली आणि पुढची दहा मिनिटे मार्गदर्शक श्रोता झाला.

आता तक्रार. छाटणीसाठी मे महिन्यात जी माणसे आली, ती संस्थेची नव्हती. ते काम पोटकंत्राटावर दिले गेले होते. आम्हाला सभेत शिकवले होते की जड फांदी कापताना आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून खाप द्यावी, मग थोडे पुढे वरून कापावे आणि उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या सालीच्या फुगीर वळीला धक्का न लावता काढावा, म्हणजे साल खाली फाटत जात नाही. प्रत्यक्षात सातवणीची फांदी वरून एकाच दमात कापली गेली आणि हातभर साल सोलून निघाली. त्याहून वाईट म्हणजे गुलमोहराच्या ज्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्याची ढोली होती आणि जी जूनअखेरपर्यंत ठेवावी असे अहवालात लिहिले होते, तीही ट्रकमध्ये गेली. ढोलीचे रुपयाएवढे गोल तोंड मी ट्रकच्या फळीशी उभा राहून पाहिले. आत पिल्ले नव्हती, एवढेच समाधान. कामगारांना दोष देणे योग्य नाही, कारण तो अहवाल त्यांच्या हाती कोणी दिलाच नव्हता. संस्थेने चूक मान्य करून त्या दोन झाडांचे पैसे घेतले नाहीत.

ज्या सोसायट्यांना केवळ शिक्षणाचा भाग हवा आहे, त्यांनी गोरेगावचे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र किंवा धारावीचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आधी पाहावे. मिठी नदीकाठचे हे ३७ एकरांचे उद्यान एकेकाळी कचराभूमी होते; तेथील दाट सावलीत उभे राहून मुलांना हे सांगितले की वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

पुढील वर्षासाठी आम्ही याच संस्थेशी करार केला आहे. त्यात दोन कलमे वाढवली आहेत : करवत चालू असेपर्यंत तपासनीस बाई आवारात हजर राहतील आणि ढोली किंवा घरटे असलेल्या झाडांची छाटणी पावसाळ्यानंतरच होईल. स्लाइड शो मात्र वगळून त्या पैशांत उद्यानाची दुसरी फेरी मागितली आहे.