वेल्डिंग टेबलावरची २५३ भोके: मॅग्नेटिक ड्रिलचा आठ महिन्यांचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या शेडमध्ये प्रामुख्याने ट्रॅक्टर-ट्रॉलीचे फाळके (बाजूच्या लोखंडी चौकटी) तयार होतात. फाळका जमिनीवर मांडून आणि गुण्या लावून टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारण्याची पद्धत सोडायची, म्हणून भोकांत पिना बसवून फाळका पकडता येईल अशा टेबलासाठी २४०० × १२०० मिमीची, १६ मिमी जाडीची प्लेट घेतली. तिच्यावर दर १०० मिमीला १६ मिमीचे भोक, म्हणजे लांबीत २३ आणि रुंदीत ११ भोके पाडायची होती. सुमारे ३६० किलोची प्लेट उभ्या ड्रिल मशीनखाली सरकवत बसणे शक्य नसल्याने मॅग्नेटिक ड्रिल, म्हणजे विजेच्या चुंबकाने प्लेटलाच चिकटून भोक पाडणारे यंत्र, घेतले.

भोक पाडण्याच्या कामात या यंत्राला नाव ठेवायला जागा नाही. त्यात बसणारा ॲन्युलर कटर (पोकळ, नळीसारखा) फक्त कडेचे वर्तुळ कापतो आणि मधला गोळा अखंड बाहेर पडतो. त्यामुळे साध्या ड्रिलपेक्षा जोर कमी लागतो. वेग मिनिटाला ४५० ते ५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवून कूलंट (कटर थंड ठेवणारे द्रव) चालू असले, की मिनिटभरात भोक पार होते. मात्र चुंबकाखाली बुरा राहू देऊ नये. आमच्या मुलाने एकदा फडके मारायचा कंटाळा केला, चुंबकाची पकड सुटली, यंत्र गर्रकन फिरले आणि नवा कटर तुटला. त्या दिवसापासून यंत्राला साखळी बांधल्याशिवाय बटण दाबत नाही, कारण लाइट गेली तरी चुंबक सुटतोच.

खरी अडचण भोकांतील अंतराची होती. दोन बुशांची (खूण करायचे हत्यार नेमके धरणाऱ्या कड्यांची) छोटी पट्टी एकेक भोक पुढे सरकवत खुणा करून पाहिल्या, तर तेविसाव्या भोकापर्यंत माप चक्क दोन मिमी सरकले. प्रत्येक वेळची बारीक चूक पुढच्या भोकाच्या माथी बसते, हे तेव्हा कळले. सुदैवाने तो प्रयोग भंगारातल्या पट्टीवर होता. मग दोन्ही लांब कडांच्या ओळी टेप एकदाच लावून, न उचलता, सर्व मापे शून्यापासून घेऊन आखल्या. त्या ओळींची भोके पाडून झाल्यावर ११ बुशांची पट्टी मिलिंगवर करून घेतली. ती दोन्ही कडांच्या भोकांत पिनांनी बसवायची आणि मधल्या नऊ बुशांतून १६ मिमी अंगाच्या पंचाने खूण करायची. पट्टीच्या एका टोकाला गोल भोक आणि दुसऱ्या टोकाला लांबट खाच ठेवली, नाहीतर कडांतील किंचित फरकामुळे पट्टी बसतच नाही.

हे सर्व काम मे महिन्यात सकाळी लवकर केले. उन्हात तापलेली प्लेट आणि सावलीतली पट्टी यांच्यात १५ अंशांचा फरक असला, तर मीटरभर लांबीत सुमारे ०.१८ मिमीचा घोळ होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ही काही अतिशयोक्ती नाही.

आज फाळक्याचे दोन्ही कर्ण मोजल्यावर फरक दोन मिमीच्या आत येतो. पूर्वी आठ-दहा मिमी सहज असायचा. तक्रारी दोनच आहेत. यंत्राचा स्विच सहाव्या महिन्यात गेला आणि विक्रेत्याने तो पाठवायला तीन आठवडे लावले. दुसरी तक्रार यंत्राची नव्हे, आमचीच: टेबलाच्या ज्या कोपऱ्यात सर्वाधिक वेल्डिंग होते, तिथल्या भोकांत स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) चिकटतो आणि पिन अडकते. आता तिथे रबरी बुचे घालून ठेवतो, आणि तरीही दर शनिवारी हातरीमर (भोक आतून साफ करायचे हत्यार) फिरवावा लागतो.