रोड बाइकला हिवाळी मडगार्ड: पक्के, पट्ट्यांचे की सीटखालचे?

हिवाळा म्हणजे ओले, चिखलाळ रस्ते असं जिथे समीकरण आहे, तिथे रोड बाइकला मडगार्ड लावावेत का, हा वादाचा विषय नाही. कोणते लावावेत, हा आहे. निवड तीन प्रकारांत करायची असते. पहिले पूर्ण लांबीचे पक्के मडगार्ड, जे फ्रेमला आणि फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाला) बोल्टने बसतात. दुसरे रबरी पट्ट्यांनी अडकवायचे, हवे तेव्हा काढून ठेवता येणारे. तिसरी म्हणजे सीटखालच्या दांड्यांमध्ये खोचायची प्लास्टिकची पट्टी. बहुतेक जण दिसणं आणि वजन बघून ठरवतात. पण आधी आपल्या सायकलीत जागा किती आहे ते मोजा. निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो.

मोजायला ऍलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) संच पुरतो. पुढच्या टायरचा माथा आणि ब्रेकची खालची बाजू यांच्या फटीत एकेक की घालून बघा. 8 मि.मी.ची जाड की न अडखळता आरपार गेली, तर पक्क्या मडगार्डचा विचार करायला हरकत नाही. मडगार्ड आणि त्यावरची धातूची पकड मिळून दोन-तीन मि.मी. खातात, आणि टायरच्या डोक्यावर निदान पाच मि.मी. मोकळी जागा हवीच. 4 ची कीसुद्धा घासत जात असेल तर तो नाद सोडा. हीच परीक्षा मागच्या ब्रेकखाली आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस फिरतो त्या भागाच्या) मागे, चेनस्टेच्या (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांच्या) बेचक्यातही घ्या. बऱ्याच फ्रेम पुढे पास होतात आणि मागे नापास.

जागा कमी निघाली की पहिला विचार येतो ब्रेक बदलण्याचा. शर्यतीच्या धाटणीच्या सायकलींवर रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर पॅड दाबणारे) साधारण 39 ते 49 मि.मी. रीचचे असतात आणि मडगार्डसाठी सोयीचे मोठे ब्रेक 47 ते 57 चे. पण रीच म्हणजे बोल्टपासून ब्रेक पॅडपर्यंतचं अंतर, आणि ते फ्रेमनेच ठरवून टाकलेलं असतं. आखूड रीचच्या फ्रेमवर लांब ब्रेक लावले तर पॅड रिमच्या खाली जातात. म्हणजे हा मार्ग बंद. टायर बारीक करणं मात्र हातात आहे: 28 मि.मी. रुंदीचा काढून 25 चा घातला की उंचीत सुमारे तीन मि.मी. मिळतात. हिवाळ्यात रुंद टायर हवा हे मान्य, तरी मडगार्डशिवाय 28 आणि मडगार्डसह 25 यांत मी दुसरा पर्याय घेईन. डिस्क ब्रेकवाल्यांना या भानगडीतून सूट आहे, कारण ब्रेक टायरच्या डोक्यावरून हटून चाकाच्या मध्याशी गेलेला असतो. त्यांनी पुढच्या मडगार्डच्या काड्या (त्याला धरून ठेवणाऱ्या बारीक दांड्या) कॅलिपरला (ब्रेकच्या चिमट्याला) आडव्या येतात का ते बघावं. येत असतील तर लांब बोल्ट आणि मध्ये स्पेसर घालून त्या बाहेर काढता येतात.

आता तुलनेचा खरा मुद्दा. मागच्या चाकाचं पाणी पाठीवर रेघ ओढतं, ते सगळ्यांना दिसतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष मागच्या मडगार्डकडे. पण नुकसान जास्त करतं ते पुढचं चाक. त्याचं पाणी थेट बुटांवर, नडगीवर, चेनवर, बॉटम ब्रॅकेटवर आणि हेडसेटच्या (हँडल वळतं त्या सांध्याच्या) खालच्या बेअरिंगवर जातं. रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकलेलं असेल तर तेच मीठ या सगळ्या भागांत शिरतं. थंडीत कमरेखालचा कपडा ओला झाला तर माणूस कुरकुरत चालवत राहतो. पाय भिजून बधिर झाले की घरचा रस्ता धरतो. म्हणून मडगार्ड निवडताना पुढचा खाली कुठवर येतो ते आधी बघा, मागचा नंतर.

या कसोटीवर सीटखालची पट्टी लगेच बाद होते. ती फक्त बुडाला झाकते, तेही पूर्ण नाही. अचानक पाऊस आला तर असावी म्हणून बॅगेत ठेवायला ठीक.

पट्ट्यांचे मडगार्ड त्यापेक्षा कितीतरी बरे. फ्रेमला आटे पाडलेली छिद्रं नसली, ब्रेकखाली जागा नसली, तरी बसतात, कारण ते ब्रेकखालून जातच नाहीत. फोर्कच्या आणि सीटस्टेच्या (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्यांच्या) पायांना धरून राहतात. त्यामुळे नेमकी ब्रेकजवळची जागा उघडी राहते आणि तिथून पाणी ब्रेकवर, फ्रेमवर उडतं. यातले लांब प्रकार पुढे बऱ्यापैकी खाली येतात, आखूड प्रकार बूट वाचवत नाहीत. दोन मिनिटांत निघतात हा त्यांचा मोठा गुण. पुढचं चाक काढून सायकल गाडीत भरणाऱ्याला तो लगेच पटेल, कारण पक्क्या मडगार्डचं खालचं टोक तेव्हा जमिनीवर टेकून वाकतं. दोष दोन. खड्ड्यांत ते हळूहळू एका बाजूला सरकतात आणि टायरला घासत कुरकुर सुरू करतात. आणि रबरी पट्टीखाली वाळूचे कण अडकून पॉलिश पेपरसारखे रंग घासतात. पट्टी बसते तिथे आधी पारदर्शक चिकट फिल्मचा तुकडा लावा, निदान कार्बन फ्रेमवर तरी.

पक्के मडगार्ड अर्धा किलोच्या आसपास वजन वाढवतात, बसवायला एक निवांत दुपार खातात, आणि तरीही फ्रेम परवानगी देत असेल तर माझं मत त्यांनाच. क्रोमोप्लास्टिक नावाने मिळणाऱ्यांत प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो, त्यामुळे ते आकार धरून राहतात. रुंदी टायरपेक्षा आठ-दहा मि.मी. जास्त घ्या, नाहीतर बाजूने पाणी सुटतं.

यात जिवाशी संबंध असलेली गोष्ट एकच, पुढच्या काड्या. चाकात एखादी काटकी अडकली तर ती मडगार्डला वर ओढते, मडगार्ड घडी होऊन चाकाला पाचर बसते आणि चालवणारा हँडलवरून पुढे. म्हणून फोर्कच्या टोकाशी काडी झटक्याने सुटेल अशी सुरक्षा-क्लिप असलेलाच संच घ्या. बसवून झाल्यावर काडी हाताने जोरात ओढून ती खरंच सुटते का ते पाहा.

दुसरं, फट. टायर पुढे फिरतो तेव्हा खडा पुढच्या मडगार्डमध्ये मागच्या खालच्या टोकातून शिरतो आणि वर सरकत पुढे बाहेर पडतो. खाली फट मोठी आणि ब्रेकखाली चिंचोळी असेल तर आत आलेला खडा वाटेत अडकणारच. ब्रेकखाली सहा मि.मी. असतील तर खालचं टोकही तेवढंच जवळ आणा. दिसायलाही तेच चांगलं दिसतं.

बसवताना मडगार्ड ताणून बोल्टपर्यंत आणू नका. ताणात बसवलेलं प्लास्टिक पकडीच्या रिव्हेटजवळच तडकतं. अंतर पडत असेल तर स्पेसर किंवा वायसर घाला, सगळे बोल्ट सैल ठेवून आधी चाकाभोवती मडगार्ड सरळ करा आणि मग एकेक आवळा. काड्यांची जास्तीची लांबी करवतीने कापून टोकाला टोपी लावा. आट्यांवर थ्रेडलॉकचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब टाकला तर खडखड कमी होते.

छिद्रं नसलेल्या स्टीलच्या गोल नळीच्या फोर्कला रबराचं अस्तर असलेल्या पी-क्लिपने (नळीभोवती आवळायच्या पट्टीने) काड्या धरता येतात. कार्बनच्या फोर्कला पी-क्लिप आवळू नका आणि छिद्र तर मुळीच पाडू नका. तिथे पट्ट्यांवरच थांबा.

लहान मापाच्या फ्रेमवाल्यांनी आणखी एक बघावं. पॅडल आडवं पुढे ठेवून बसा आणि हँडल वळवा. बुटाचं टोक आणि टायर यांच्यात दोन बोटांपेक्षा कमी जागा असेल तर मडगार्ड लावल्यावर बूट त्याला लागणार. वेगात हँडल इतकं वळत नाही, त्रास होतो तो सिग्नलला हळू वळताना. काही जणांना त्याची सवय होते. होणार नाही असं वाटत असेल तर पुढे पट्ट्यांचा आणि मागे पक्का, अशी जोडी लावा. विजोड दिसते, चालते छान. गटात चालवणाऱ्यांनी मागच्या मडगार्डला खाली लांब रबरी फ्लॅप जोडावा. मागून येणाऱ्याच्या तोंडावर पाणी उडत नाही.