व्हॅलेंटाइन घरीच: मागवायचं की करायचं?
बजेट पाचशेचं धरू. ॲपवरून मागवलं तर एक भाजी, रोट्या, त्यावर पॅकिंग, डिलिव्हरी आणि जीएसटी. गोडाचं नावच नको. शिवाय १४ फेब्रुवारीच्या रात्री ऑर्डर रखडली की रखडलीच. फायदा एकच, भांडी घासायची नाहीत. (हा काही लहान फायदा नाही!)

घरी केलं तर तेवढ्यात पावभाजी होते, वर बटरचा सढळ गोळा आणि शेवटी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. तेव्हा तिचा हंगामच असतो. एकानं कांदा बारीक चिरायचा, दुसऱ्यानं तव्यावर पाव भाजायचे. मसाल्याचा ठसका लागला की गप्पा आपोआप सुरू. गुलाब मात्र त्या आठवड्यात महागच. मावळातला बराच माल परदेशी जातो. त्यापेक्षा निशिगंधाच्या चार काड्या आणा.

माझं मत पावभाजीला. भांडी सकाळी, दोघांनी मिळून.