बॅट गेज: ॲल्युमिनियमचा घ्या, पण आधी त्यालाच मोजा

क्रिकेटची बॅट नियमातल्या मापात आहे का हे तपासायची, घराच्या आकाराचं भोक पाडलेली एक पाटी, एवढीच ही वस्तू. बॅट त्यातून खालच्या टोकापासून खांद्यापर्यंत गेली तर पास. क्लब आणि शालेय स्पर्धांच्या पंचांनी पातळ ॲक्रिलिकचा गेज घेऊ नये. बॅट जोराने ढकलली की त्याच्या कडा वाकतात आणि जाऊ नये ती बॅटही पार होते. उन्हात तापला तर ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या तिप्पट प्रसरण पावतं, पण 110 मिमीच्या भोकात हा फरक फार तर 0.15 मिमी. त्याची काळजी नको, वाकण्याची करा. चारेक मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा गेज वर्षानुवर्षं टिकतो. फक्त भोकाची कड बोटाने चाचपून घ्या. धारदार असेल तर पात्यावर ओरखडे पडतात आणि फलंदाज रास्त तक्रार करतो. अशा कडेला बारीक पॉलिश पेपर पुरतो. कानस फिरवलीत तर माप गेलं.

घेतल्याबरोबर भोकाला व्हर्नियर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावा. क्रिकेटच्या कायदा 5.7 प्रमाणे पात्याची रुंदी 108 मिमी, जाडी 67 आणि कड 40 यांपेक्षा जास्त नको. पण गेजचं भोक याच मापाचं नसतं. कायद्यांच्या परिशिष्टात ते 110, 68 आणि 41 मिमी दिलं आहे, कारण पात्यावरच्या संरक्षक आवरणाला जागा सोडलेली आहे. 108-67-40 ला कापलेला गेज विक्रेता ‘जास्त काटेकोर’ म्हणून खपवू लागला तर परत करा, अँटी-स्कफ शीट (पात्यावरचं संरक्षक आवरण) लावलेली निर्दोष बॅटही त्यात अडकेल. पात्याच्या पुढच्या बाजूला भोकाला साधारण 5 मिमीची गोलाई हवी. तिथे सरळ कापलं असेल तर किंचित फुगीर चेहऱ्याच्या बॅटवर अन्याय होतो.

गेज पात्याला काटकोनात धरायचा. तिरका धरला की भोक प्रत्यक्षात लहान होतं आणि चांगली बॅट अडते. बॅट स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे, ढकलायची नाही. अडली तर कुठे ते बघा. बहुधा पात्याच्या खालच्या भागात, जिथे कडा सर्वांत जाड असतात.

आणि अडली म्हणजे फलंदाज लबाड, असं लगेच ठरवू नका. मुंबईच्या कांगा लीगसारख्या पावसाळी क्रिकेटमध्ये लाकूड ओल धरून फुगतं. एकावर एक डकवलेले स्टिकर किंवा दुरुस्तीची टेप यांनीही मिलिमीटर वाढतो. अशा वेळी बॅट बदलायला लावायची, जादा थर निघाल्यावर पुन्हा तपासायची. लबाडी तेव्हा, जेव्हा सकाळी एक बॅट दाखवून खेळायला दुसरी आणली जाते. ड्रेसिंग रूममधल्या तपासणीची हीच पळवाट आहे. 2025 च्या आयपीएलमध्ये पंचांनी मैदानातच गेज लावायला सुरुवात केली ते योग्यच झालं. सुनील नारायणची बॅट त्यात नापास झाली आणि त्याला ती बदलावी लागली. इंग्लिश कौंटी क्रिकेट याहून कडक आहे: 2024 मध्ये एका फलंदाजाची बॅट गेजमधून गेली नाही म्हणून एसेक्सचे 12 गुण कापले गेले. क्लब स्पर्धेत गुण कापायचे असतील तर ते नियमपत्रिकेत आधी छापा. सामना संपल्यावर शिक्षा शोधत बसलात तर पंचावरचा विश्वास उडतो.

लांबी या गेजला कळत नाही. 96.52 सेंमीची मर्यादा टेपनेच मोजावी लागते. वजनाला कायद्यात मर्यादाच नाही, त्यामुळे जड बॅटविरुद्धची तक्रार ऐकून सोडून द्या. टेनिस बॉल स्पर्धांसाठी मात्र हा गेज सरसकट वापरू नका. त्या बॅटच्या कडा मुद्दाम जाड ठेवलेल्या असतात, निम्म्या बॅटा बाद ठरतील. आयोजकांनी स्वतःची कडेची मर्यादा ठरवून त्या मापाची पाटी वर्कशॉपमधून लेझरने कापून घ्यावी आणि नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांसमोर कॅलिपर लावून दाखवावी.