ठाण्यातला स्पोकन इंग्लिशचा क्लास: संध्याकाळची बॅच घ्या, रविवारची सोडा

ठाणे वेस्टला गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असून नसल्यासारखी. नाव इथे टाकत नाहीये कारण पुढे बरीच तक्रार पण आहे आणि तिथल्या मॅडमना माझ्यामुळे उगाच कोणी बोललेलं मला चालणार नाही. तीन महिन्यांचा कोर्स, फी साडेसात हजार, आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी मॅडम शिकवतात आणि रविवारी सकाळी संस्थेचे सर 'इडियम्स स्पेशल' (इडियम म्हणजे वाक्प्रचार) घेतात. माझं मत आधीच सांगून टाकते, मॅडमना पाचपैकी पाच, सरांना दोन, आणि ते दोन पण वेळेवर सुरू करतात म्हणून.

हा क्लास ए फॉर ॲपलवाल्यांसाठी नाही हं. ज्यांना पेपर वाचता येतो, मेल लिहिता येतो, पण समोरचा फोनवर भरभर बोलायला लागला की नुसतं येस येस करत बसतात त्यांच्यासाठी आहे, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. मी ऐरोलीला शिपिंग डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. परदेशातला क्लायंट फोनवर म्हणतो, "द बॉक्स गॉट रोल्ड ओव्हर, कॅन यू चेज इट अप अँड सॉर्ट इट आउट बिफोर कट-ऑफ?" आता यातला एक तरी शब्द अवघड आहे का सांगा. गेट, रोल, ओव्हर, अप, आउट, सगळे शाळेतले. पण म्हणायचंय काय, तर कंटेनर ठरलेल्या जहाजावर चढलाच नाही, पुढच्या जहाजावर ढकललाय, तर जरा मागे लाग आणि गेट बंद व्हायच्या आत निस्तर. शब्दांची लिस्ट पाठ करून हे येत नाही, आणि मॅडमचा सगळा जोर नेमका इथेच आहे.

त्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. आपण शाळेत शिकलो पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट, एक्स्टिंग्विश. हे सगळे लॅटिनमधून आलेले, जड. तिकडची माणसं घरात म्हणतात पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इन्टू, पुट आउट. ही छोटी क्रियापदं भाषेच्या मुळातली, जुनी. त्यामुळे आपलं इंग्रजी चुकीचं नसतं पण सरकारी जीआरसारखं वाटतं, आणि त्यांचं साधं बोलणं आपल्याला कळत नाही. पुट ऑफसारख्या या जोडक्रियापदांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात, ते नाव मात्र एवढं जुनं नाही, १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने ते रूढ केलं असं त्यांनीच सांगितलं.

आता त्यांची शिकवायची पद्धत. टेबलावर स्वतःचा मोबाईल ठेवतात आणि एकेकाने त्यांना हुकूम सोडायचा. पिक इट अप, स्विच इट ऑफ, पुट इट अवे, हँड इट ओव्हर. बॅचमध्ये वागळे इस्टेटला वर्कशॉप असलेले एक काका आहेत, ते म्हणाले "पिक अप इट". मॅडमनी हात मोबाईलच्या वर नेला आणि तिथेच थांबवला. काका परत जोरात, "मॅडम, पिक अप इट!" हात तिथेच. मागून कोणीतरी म्हणालं अहो काका, इट मध्ये घाला. काकांनी दोन सेकंद विचार केला, "पिक... इट... अप", आणि मोबाईल उचलला गेला, सगळ्यांनी टाळ्या. नंतर फळ्यावर नियम आला, की पिक अप द फोन आणि पिक द फोन अप दोन्ही चालतं, पण इट, हिम, देम असलं काही आलं की ते मधेच बसतं. आणि हे सगळ्यांना लागू नाही, लुक आफ्टर तोडता येत नाही, लुक आफ्टर हिमच म्हणायचं, लुक हिम आफ्टर नाही. एवढं ऐकल्यावर काकांनी मोठा सुस्कारा सोडला आणि बोलले, याच्यापेक्षा लेथ मशीन सोपं. पण आता त्या बॅचमध्ये कोणी 'पिक अप इट' म्हणणार नाही हे मी लिहून देते.

उच्चारावर पण काम करून घेतात, जे बाकीच्या क्लासेसमध्ये मी ऐकलं नव्हतं. ब्रेक डाउन हे क्रियापद असेल तर जोर 'डाउन'वर, आणि ब्रेकडाउन म्हणजे बिघाड असा नाम म्हणून असेल तर जोर 'ब्रेक'वर. चेक आउटचं तेच. एवढ्याशा फरकाने समोरच्याला पटकन कळतं हे मला फोनवर नंतर जाणवलं.

आपल्याकडच्या खास सवयींचा एक अख्खा तास होता आणि तो बेस्ट होता. कोप अप विथ नाही, नुसतं कोप विथ. डिस्कस अबाउट नाही, डिस्कस. स्लीप ओव्हर इट नाही, स्लीप ऑन इट. लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू, मीट नाही (हे माझ्या ऑफिसात अर्ध्या मेलमध्ये चुकतं, मॅनेजरसकट). पासआउट झालो म्हणजे आपल्याकडे डिग्री मिळाली, बाहेरच्या क्लायंटला वाटेल चक्कर येऊन पडला. प्रीपोनला (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) मॅडम हसत नाहीत हे मला आवडलं, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, आपल्यात बिनधास्त वापरा म्हणतात, फक्त बाहेरच्याशी बोलताना ब्रिंग फॉरवर्ड किंवा मूव्ह अप म्हणा.

खाली जाहिरातीचा बोर्ड आहे 'पाच हजार शब्द, हजार इडियम्स', त्याच्याकडे मॅडम स्वतःच लक्ष देऊ नका म्हणतात. त्यांचं म्हणणं, आधी रोजचे दोनेक हजार शब्द पक्के करा. मायकल वेस्ट या इंग्रजीच्या शिक्षकाने १९५३ मध्ये अशी साधारण दोन हजार शब्दांची यादी केली होती, आणि २०१३ मध्ये तिची नवी आवृत्ती आली, सुमारे २८०० शब्दांची, ज्यात सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले जवळपास ९२ टक्के शब्द येतात. ऐकायला भारी वाटतं पण हिशोब करा, उरलेले आठ टक्के म्हणजे दर बाराएक शब्दांना एक शब्द अडणारच. म्हणून यादी संपली की वाचायला लागा, दुसरी यादी शोधत बसू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आता रविवार. सरांनी पहिल्या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा दिला, डावीकडे इडियम, उजवीकडे मराठी अर्थ, संपलं. रोज पाच पाठ करा आणि बोलताना वापरा. पहिलं काय तर रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज, जे हल्ली तिकडे सहसा कोणी बोलत नाही, साधं इट्स पोअरिंग म्हणतात. किक द बकेटपुढे लिहिलंय 'मरणे'. बस! ते गमतीत म्हणायचं असतं, कुणाच्या घरी वाईट झालं तर हे चुकूनही बोलायचं नाही, हे कागदावर कुठेच नाही. उद्या एखाद्या मुलाने क्लायंटच्या वडिलांसाठी हे मेलमध्ये टाकलं तर सर जाणार आहेत का माफी मागायला? क्रिकेटवाल्या इडियम्सवर सर खुश होते, हिट फॉर सिक्स म्हणजे 'दणदणीत यश' असं सांगून मोकळे झाले. प्रत्यक्षात नॉक्ड मी फॉर सिक्स म्हणजे मला जबर धक्का बसला. आपण बॅटिंग करणाऱ्याच्या बाजूने विचार करतो, इंग्रज इथे मार खाल्लेल्या बॉलरच्या बाजूने बोलतोय.

आणि टेबल इट? ब्रिटिश माणूस म्हणाला तर विषय चर्चेला घेऊया, अमेरिकन म्हणाला तर आत्ता बाजूला ठेवूया. बरोब्बर उलट. आमच्या ऑफिसात दोन्हीकडचे कॉल येतात त्यामुळे मी मुद्दाम विचारलं, तर सर म्हणाले असं काही नसतं, लिस्टमध्ये आहे तेच बरोबर. मी घरी येऊन केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनरीत बघितलं, दोन्ही अर्थ दिलेत, कुठला ब्रिटिश कुठला अमेरिकन तेही लिहिलंय, फुकट. उच्चार पण दोन्हीकडचे ऐकू येतात. मग साडेसात हजारातला रविवारचा हिस्सा कशासाठी भरायचा हा प्रश्न मला अजून पडलाय.

माझ्या मते इडियम फक्त कळली पाहिजेत. बॉलपार्क फिगर, टच बेस, हे अमेरिकन कॉलवर येतं (दोन्ही बेसबॉलमधून आलेले), कानाला ओळखीचे असले की झालं, आपण स्वतः अंदाजे आकडा आणि नंतर बोलूया हे साध्या शब्दांत सांगितलं तरी कोणी हसत नाही. फ्रेजल व्हर्ब मात्र तोंडात बसायलाच पाहिजेत, त्याशिवाय एक वाक्य पुढे जात नाही. क्लासने वेळ याच्या बरोबर उलटी वाटलीय, जाहिरात इडियम्सची आणि खरं काम मॅडम करतायत.

बाकी किरकोळ. खोली छोटी, पंखा खडखडतो, लिसनिंगच्या वेळी तो बंद करावा लागतो आणि मे महिन्यात काय होत असेल विचार करा. गाडी आणू नका, पार्किंग शून्य, स्टेशनवरून चालत या. ट्रान्सहार्बर लोकलने येत असाल तर ठाण्याला पूल चढून वेस्टला बाहेर पडेपर्यंतच घाम निघतो, ऑफिसवाल्यांनी साडेसातची बॅच घ्या, सातची गाठायच्या नादात रोज धावाल. येताना स्टेशनजवळ कुंजविहारचा वडापाव घेऊन आलात तर वर्गात खाऊ नका, मॅडम पुट इट अवे म्हणतात आणि तेव्हा मात्र ठेवावाच लागतो.

ॲडमिशन घेण्याआधी दोन गोष्टी करा. डेमो लेक्चर फुकट असतं पण ते सर घेतात, त्यावरून ठरवू नका, संध्याकाळच्या बॅचला एक तास बसू द्या म्हणून काउंटरवर सांगा, थोडं कुरकुरतात पण बसू देतात. आणि रविवार नको असेल तर फी भरायच्या आधीच बोला, माझ्या मैत्रिणीने आधी विचारलं तर दीड हजार कमी केले, मी नंतर विचारलं तर कागदावर सही झालीय म्हणाले. फी दोन हप्त्यांत घेतात, पावती मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत.