लाकडी चिमणीघर: घ्या, पण भोक मोजून

20 मार्चचा जागतिक चिमणी दिवस जवळ आला की नर्सऱ्यांमध्ये लाकडी चिमणीघरं दिसू लागतात. त्यांतलं पाइनच्या फळीचं, तळ किंवा एक बाजू उघडणारं घर पैसे वसूल करतं. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं घेऊ नका, पहिल्याच पावसात ते फुगतं. मातीचं मडकं दिसायला छान, पण आतून साफ करता येत नाही.

घेताना आधी भोक मोजा. चिमणीला 32 मिलिमीटर पुरतात. बाजारातल्या बऱ्याच घरांना 45–50 मिलिमीटरचं भोक असतं, त्यातून साळुंकी शिरते आणि चिमणीला हुसकावते. घर आवडलं असेल, तर 32 मिलिमीटरचं भोक पाडलेली फळी पुढून स्क्रूने बसवा. भोकापासून तळापर्यंत किमान 12 सेंटिमीटर खोली हवी, नाहीतर मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोचतो. भोकासमोरची शोभेची दांडी आधी कापा. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र बसायला आयती जागा मिळते. आतून रंग किंवा व्हार्निश नको. खरखरीत फळीवरच पिल्लं नखं रोवून वर चढतात. पाणी निचरायला तळाला 5 मिलिमीटरची चार भोकं नसतील तर पाडून घ्या.

घर 8–10 फूट उंचीवर, छपराच्या वळचणीला, उत्तर किंवा पूर्वेकडे तोंड करून लावा. दुपारचं ऊन आणि नैऋत्येचा पाऊस दोन्ही टळतात. फिरत्या पंख्याच्या खोलीत किंवा तिच्या खिडकीजवळ कधीही नको. चिमण्या घोळक्याने राहतात, त्यामुळे एकाऐवजी दोन-तीन घरं टांगलेली बरी.

विक्रेते सोबत बाजरीची पिशवी देतात, ती मोठ्या चिमण्यांना चालते. पिल्लांना मात्र सुरुवातीचे दिवस अळ्या आणि किडेच लागतात. कुंड्यांवर कीटकनाशक मारलं, तर घरट्यात अंडी फुटूनही पिल्लं उपाशी मरतात. अंगणाचा एक कोपरा गवताला सोडा, मेंदीची किंवा करवंदाची दाट जाळी वाढू द्या, दोन फूट जागा कोरड्या मातीची ठेवा. चिमण्या तिथे धूळस्नान करतात. पाण्याची ताटली 4–5 सेंटिमीटरच खोल असावी, पाणी रोज बदलावं.

पिल्लं साधारण दोन आठवड्यांत उडतात. त्यानंतर आठवडाभर कुणी फिरकलं नाही, तरच जुनं गवत काढून घर उन्हात तापवा. पहिल्या हंगामात ते रिकामं राहिलं तरी जागा बदलू नका.