बासरी की वेस्टर्न फ्लूट? स्वतःच्या रचना वाजवणाऱ्यासाठी

एकल वादन करायचंय आणि रचनाही स्वतःच्याच वाजवायच्यात, तर बासरी शिकावी की धातूची फ्लूट, असं गोव्यातली मुलं अधूनमधून विचारतात. मी दोन्ही वाजवल्या, आता एकच वाजवतो.

रचनाकाराच्या नजरेनं फ्लूटचं पारडं जड आहे, हे आधी कबूल करतो. तीन सप्तकं, बाराही सूर कळांवर तयार. लिहिलेलं नोटेशन उद्या कुणी अनोळखी माणूसही वाजवेल. अठराव्या शतकातला जर्मन रचनाकार क्वांट्झ हा स्वतः फ्लूटवादकच. प्रशियाच्या राजासाठी त्यानं सुमारे ३०० कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना, लिहिले. पण कॉन्चेर्तोला ऑर्केस्ट्रा लागतो, निदान पियानो. तालमीला नेमानं येणारा पियानिस्ट इथं मिळवून बघा! तबलजी फोंड्यात वाड्यावाड्यावर आहेत.

बासरीत कोमल स्वराला छिद्र अर्धं झाकायचं, पट्टी बदलली की बासरी बदलायची. तरी ही वाट मळलेली आहे. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी ख्यालासाठी बासरी लांब केली, चित्रपटांना संगीत दिलं, आकाशवाणीच्या वाद्यवृंदासाठी रचना केल्या, नवे रागही बांधले. हरिप्रसाद चौरसिया यांनी शिवकुमार शर्मांबरोबर १९८१ च्या 'सिलसिला'ला संगीत दिलं.

माझा निर्णय मात्र इतक्या थोर कारणानं झाला नाही. पावसाळ्यानं झाला. जून ते सप्टेंबर कार्यक्रम कमी, म्हणजे नवं काही बांधायचे हेच दिवस. आणि नेमकी तेव्हाच फ्लूट रुसते. कळांखालच्या पॅडमध्ये नमदा असतो, वर आतड्याची पातळ कातडी. दमट हवेत ती फुगते, चिकटते. जी-शार्पची कळ तर हमखास. चाल सुचलेली असते, बोट उचलावं तर कळ उशिरा हलते, वर 'चट्' असा आवाज. सिगारेटचा कागद घालून ओलावा टिपायचा, चार ओळी वाजवायच्या, पुन्हा कागद. तोवर चाल विरून जाते. दुरुस्तीला मुंबईला पाठवली, तर ती परत येईपर्यंत चतुर्थी उलटली. बांबूलाही बुरशी धरते म्हणा, पण पुसून मोहरीच्या तेलाचा हात फिरवला की झालं.

एसी खोली असेल, चर्चच्या क्वायरसाठी किंवा चौघा-पाचांच्या मेळासाठी लिहायचं असेल, तर फ्लूट घ्या. मी अडवणार नाही. एकट्यानं बसून सुचलेलं तिथल्या तिथे वाजवायचं असेल, तर मला वाटतं बासरी बरी. पांढरी तीनची (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) बासरी बोटांना मोठी पडली, तर पांढरी पाचनं सुरुवात करा.